डाव्या कुशीचं माप

हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून माझे सासरे आडवे झाले नव्हते. बारा दिवस. समोरच्या खोलीत खिडकीशी त्यांची लाकडी खुर्ची, पुढ्यात जेवणाचं टेबल, टेबलावर दोन उशा आणि त्या उशांवर कपाळ टेकवून बसलेले बाबा. झोप म्हणायची तर तेवढीच. पाठीवर टेकले की पाच मिनिटांत पोटातलं दुखणं निघायचं ते थेट पाठीत शिरायचं. पट्टा करकचून आवळल्यासारखं होतं, असं ते एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. बाबांची तक्रार एकदाच असते.

पित्ताशयातला खडा सरकून नळीत अडकला आणि स्वादुपिंडाला सूज आली, असं हे दुखणं. सूज उतरली की पित्ताशय काढायचं ठरलंय, पण त्या ऑपरेशनसाठी अंगात काहीतरी शिल्लक हवं ना! अडुसष्ट किलोचे बाबा चोपन्नवर आले होते. गुरुवारी तपासणीला नेलं तेव्हा काटा चोपन्न पूर्णांक एकवर थांबला. डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, नींद नहीं तो खाना नहीं, खाना नहीं तो ताकत कहाँ से आएगी? सोमवार को फिर तौलेंगे. और गिरा तो भर्ती करके नाक से नली डालनी पड़ेगी. फिर ऑपरेशन भी आगे."

झोपायचं कसं तेही त्यांनी सांगितलं. सपाट नाही. छाती-डोकं उंचावर, नाहीतर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. इथवर सगळं ठीक होतं. पण कागद हातात देताना तिथल्या नर्सदीदी हसून म्हणाल्या, "समझ गए न बाबूजी? जैसे बहू सोती थी नौ महीने, बस वैसे ही."

माझ्या कडेवर आठ महिन्यांची मनू होती. बाबांचे कान लाल झाले. परतताना रिक्षात ते दोनच शब्द बोलले. "नळी नाही."

माझं माहेर जुन्या शहरातल्या दीक्षितपुऱ्यातलं. फॅक्टरीजवळच्या रांझीला सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस म्हणजे पेपर वाचणारा, झाडांना पाणी घालणारा असेल. बाबा तसे नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी फॅक्टरीच्या इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये काढली. कोणीतरी बनवलेला भाग, त्यांच्या भाषेत 'जॉब', हातात घ्यायचा, मोजायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. गल्लीत अजून त्यांना 'इन्स्पेक्टर साहब' म्हणतात. नवीन भाडेकरूंना ते पोलिसातले वाटतात आणि ते बिचारे पहिले सहा महिने गाडी नीट लावतात. घरातही तेच. पोळपाट डुगडुगला तर आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणायचे, "पोळीला काहून बोल लावून राहिली? पोळी नाही बिघडली. ज्याच्यावर ठेवली ते बिघडलं." पोळपाटाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी गेली की त्यांचं समाधान होई.

असा माणूस दुपारी आडवा पडलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि आता तर रात्रीही पडत नव्हता. मनूला पाजायला उठले की समोरच्या खोलीतून उशी सरकल्याचा आवाज यायचा. "जागी आहे का गं?" ते हळूच विचारायचे. मी हो म्हणायचे.  एक दुधासाठी जागी, एक दुखण्यानं जागा.

या आजाराचं नाव ऐकून लोक दारूच समजतात, हे आणखी एक. बाबांचे फॅक्टरीतले जुने सोबती रत्नाकरकाका भेटायला आले होते. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "शालिग्राम, खरं सांग, कधीपासून घेऊन राहिला? आम्हाला तर कधी समजलं नाही." लग्नात सोड्याची बाटलीसुद्धा हातात न धरणारे बाबा.  मी चहा आपटून ठेवला आणि म्हणाले, "काका, खडा होता. पित्ताचा." काका ओशाळले. पण त्यानंतर कोणी आलं की बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ ताठ करून खुर्चीत बसायला लागले. पाहुणा गेला की पाच मिनिटं त्यांना बोलता येत नसे.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी कागद, पेन्सिल आणि पट्टी मागवली आणि ड्रॉइंग काढलं. उतरत्या फोमचं. पाठीची लांबी, खांद्याची रुंदी, तीस अंशांचा चढ, सगळं लिहिलेलं. माझा नवरा अंकुर रिछाईत एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथे यंत्रांच्या पेट्यांत घालायला फोम कापतात. शुक्रवारी त्यानं अगदी तसाच तुकडा कापून आणला. बाबा त्यावर टेकले. आईंनी हात जोडले. पंधरा मिनिटांत बाबा घसरत घसरत खाली आले, हनुवटी छातीत रुतली, पोट दुमडलं आणि ते उठून बसले.

"उतारावर जॉब ठेवला अन् खाली स्टॉपर दिला नाही," ते धापा टाकत म्हणाले. "माझी चूक. तुझी नाही."

अंकुर मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "बाबा, हॉस्पिटलवाला पलंग भाड्यानं मिळतो. चाकं असलेला. आणू का?"

"मी दवाखान्यातून आलो का दवाखाना घरी आणला?"

तेव्हा मी माझी लांब उशी काढून आणली. सातव्या महिन्यात आईनं माहेरून पाठवलेली, तिच्या जुन्या सुती साड्यांची, आत सावरीचा कापूस. माझ्या उंचीची. डाव्या कुशीवर झोपून एक टोक पोटाखाली आणि एक गुडघ्यांत घेतलं की अंगाचं ओझं उतरायचं. दोन महिने मी तिच्या जिवावर झोपले होते. मी ती समोरच्या खोलीतल्या तख्तावर, त्या फळ्यांच्या पलंगावर ठेवली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"ती बायकांची उशी आहे."

"उशीला काय समजतं, बाई का बुवा?" आई कडाडल्या. "लाजेनं मरून राहिला हा माणूस!"

बाबा खुर्चीत जाऊन बसले. मी उशी उचलून आत नेली. मला राग आला नाही. त्या नर्सदीदींचं हसणं त्यांच्या कानात अजून होतं, हे मला दिसत होतं.

शनिवारी सकाळी त्यांना खिचडीची वाटी देताना मी विचारलं, "बाबा, एखादा जॉब वेडावाकडा असेल, सपाट ठेवला की बसतच नसेल, तर तपासायला धरायचा कसा?"

बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला. "फिक्स्चर करावं लागते. खाली तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक. सहा जागी टेकवला की कोणता बी जॉब हलत नाही." चमचा खाली ठेवून ते हातानं दाखवायला लागले. "पण दाबायचं नाही बरं! नवीन पोरं आवळून टाकतात. जिथं पोकळ आहे तिथं टेकू द्यायचा. तरी जॉब हलला तर दोष जॉबचा नाही. फिक्स्चर चुकलं."

"अच्छा," मी म्हणाले. "मग जॉब डाव्या कुशीवर झोपलेला असेल तर?"

आत आईंचं भांडं घासणं थांबलं. बाबांनी वाटी बाजूला सारली. मनू माझ्या पदराचं टोक चावत होती.

"चालाक आहे दीक्षितपुऱ्याची पोरगी," ते म्हणाले. "पेन्सिल आण."

आणि मग उशी ही उशी राहिलीच नाही. मानेखाली एक टेकू, पाठीमागे एक लोड, पोटापुढे एक, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, घोट्यांत एक, आणि तळव्यांना अडवायला एक. सहा. प्रत्येकाची लांबी, रुंदी, जाडी. दाराच्या चौकटीला टाच लावून, पाठ ताठ करून ते उभे राहिले. "खांदा ते कंबर एकवीस. कंबर ते गुडघा बावीस. छाती अडतीस." मी टेप घेऊन पुढे झाले तर म्हणाले, "टेप काहून? मला पाठ आहे. शर्ट शिवतो ना."

मी लिहून घेतलं.

त्या दिवशी मी कसं शिवलं ते मनूलाच माहीत. ती चाळीस मिनिटांच्या वर झोपत नाही. वरांड्यात झोळी टांगलेली, आई एका हातानं दोरी ओढताहेत, दुसऱ्या हातानं कापूस पिंजताहेत, आणि मी आईंच्या पायमशीनवर. कापूस पुरेना. बाजारात मिळाला असता, पण सावरीचा नाही, आणि सरकीच्या कापसाच्या गुठळ्या होतात. शेवटी मी माझी लांब उशी उसवली. कात्री लावताना क्षणभर हात अडला, खोटं कशाला बोलू? माझ्या आईच्या तीन साड्या होत्या त्यात, एक तर तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची, ती शिकवायला लागली तेव्हाची.

"राहू दे गं," आई म्हणाल्या. "तुझ्या माहेरची आहे."

"पुढच्या वेळी पुन्हा शिवू," मी म्हणाले.

"पुढच्या वेळी?" आईंनी भुवया उडवल्या. "अंकुरला माहीत आहे का?"

आम्ही दोघी हसलो. त्या घरात कोणी हसल्यालाही बारा दिवस झाले होते.

संध्याकाळी सहाच्या सहा टेकू तख्तावर मांडले. बाबा डाव्या कुशीवर झाले. आणि काहीच जुळेना. पाठीमागचा लोड पाठीला लागतच नव्हता, मध्ये वीतभर जागा. पोटापुढची उशी बरगडीत घुसत होती. गुडघ्यांमधली तर मांडीत आली होती. बाबांनी दोन मिनिटं सोसलं.

"रिजेक्ट," ते म्हणाले, आणि भिंतीचा आधार घेत खुर्चीकडे गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन लौकी, म्हणजे दुधी, चिरत बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि लौकीला तर कांद्यासारखं निमित्तही नसतं. सोमवारला एकच दिवस उरला होता. अंकुरनं येऊन सुरी काढून घेतली. म्हणाला, "यशश्री, तू ट्राय केलं ना. बस. नळी तर नळी."

मनू झोपल्यावर मी सहाही उशा पुन्हा काढल्या आणि टेप लावला. एकवीस म्हणजे एकवीस. बावीस म्हणजे बावीस. कुठे सुताएवढा फरक नाही. मी उशा रचून ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिले. शिलाई बरोबर होती. मग चुकलं होतं ते ड्रॉइंग.

ते ड्रॉइंग दिवाळीच्या आधीच्या, दुखणं यायच्या आधीच्या माणसाचं होतं. इस्त्रीच्या शर्टातल्या, चौकटीला टाच लावून उभ्या राहणाऱ्या. चौतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसानं स्वतःचं माप आठवणीतून दिलं होतं.

रविवारी सकाळी वरांड्यात छान ऊन आलं. बाबांची खुर्ची आणि टेबल तिथेच सरकवलं होतं. ते उशांवर कपाळ टेकून डुलकीत होते, पाय छोट्या स्टुलावर, पाठीची कमान झालेली. आई शेजारी मटार सोलत होत्या. मी हळूच मागून गेले आणि टेप त्यांच्या पाठीवरून सोडला. मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत, कमानीवरून. मग कंबर ते गुडघा, वाकलेला. मग छातीभोवती.

"काय करून राहिली?"

मी टेप हातात धरून तशीच उभी राहिले. बाबांनी मान वळवली होती.

"माप घेतेय."

"दिलं ना काल."

 लग्नाला तीन वर्षं झाली, पण बाबांचं काही चुकलंय असं मी कधी म्हटलं नव्हतं. त्या घरात कोणीच म्हणत नाही. आई भांडतात, पण मापावरून नाही.

"बाबा, मी रात्री सगळ्या उशा मोजल्या. ड्रॉइंगप्रमाणेच आहेत. ड्रॉइंग जुनं आहे." मला वाटलं इथे थांबावं, पण आता थांबून उपयोग नव्हता. "छाती अडतीस लिहिलीय. आत्ता बत्तीस भरली. पाठ तुम्ही ताठ करून सांगितली. झोपताना ती ताठ नसते."

आईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. 

बाबांनी हात पुढे केला. मी टेप दिला. त्यांनी स्वतःच्या छातीभोवती तो गुंडाळला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आकडा वाचला. मग टेप सोडला, पुन्हा गुंडाळला आणि पुन्हा वाचला. ते दोनदा मोजायचेच. फॅक्टरीतली सवय.

"बत्तीस," ते म्हणाले. टेपकडे बघतच म्हणाले. "जॉब बदलला अन् इन्स्पेक्टर जुनंच ड्रॉइंग चालवून राहिला. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी लेखी दिलं असतं."



मग ते उठले. टेबलाला धरून, अर्धे वाकलेले, तसेच तख्तापर्यंत चालत गेले. पाठ ताठ करायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. डाव्या कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले, एक हात गालाखाली. इतके लहान दिसले! माझ्या मनात आलं, मनूही अशीच झोपते.

"घे," ते म्हणाले. "जसा आहे तसा घे. भानुमती, तू लिही. वर लिही, रिव्हिजन बी. जुनं ड्रॉइंग रद्द."

मी मोजत गेले, आई कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत गेल्या. पाठीची कमान. कंबरेखालची पोकळी. गुडघ्यांमधलं अंतर. घोट्यांमधलं. कुठे मी अंदाजानं बोलले तर लगेच, "अंदाज नको." मध्येच कळ आली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि कळ जाईपर्यंत धरून ठेवलं. मग म्हणाले, "हं. पुढं."

मी खूप शिकलेल्या लोकांच्या घरात वाढले. आमच्याकडे भिंतभर प्रमाणपत्रं होती. पण आपलं माप चुकलं हे एवढ्या सरळ मान्य करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की टेपवरचा आकडा नीट दिसेना.

दुपारपर्यंत सगळं उसवून पुन्हा शिवलं. आई भरत गेल्या, मी टाचत गेले. निवारीचा, पट्ट्यांनी विणलेला पलंग आम्ही आधीच बाद केला होता, तो मध्ये झोळीसारखा खचतो. तख्तावर कापसाची गादी, आणि डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली एकेक वीट, ती अंकुरनं लावली. डोकं कुठल्या दिशेला यावरून थोडं झालं. अंकुरनं सोयीनं उत्तरेकडे केलं होतं, ते आईंनी फिरवायला लावलं. "उत्तरेला डोकं? काहून, एवढी घाई झाली का?" पूर्वेकडे केलं तेव्हा लक्षात आलं, डाव्या कुशीवर वळलं की आता समोर वरांड्याचं दार येतं आणि दारातून मनूची झोळी दिसते. हे कोणी ठरवलं नव्हतं.

दीड वाजता बाबा आडवे झाले. मान. पाठ. पोट. गुडघे. घोटे. तळव्यांना सहावा टेकू, त्याच्या मागे घडी घातलेली रजई, तीच स्टॉपर. मी प्रत्येक जागी हात घालून पाहिलं, कुठे पोकळ राहिलं का. कंबरेखाली दोन बोटं रिकामी होती, तिथे मनूच्या दुपट्याची घडी सरकवली.

"लागतंय कुठे?"

"थांब," ते म्हणाले. डोळे मिटून ते आतून तपासत होते. "बोलू नको."

मी बाहेर येऊन बसले. आई मटार घेऊन बसल्या, पण सोलेनात. पाच मिनिटं झाली. दहा झाली. फोमवर पंधराव्या मिनिटाला ते उठले होते. पंधरा झाली. वीस. आईंना राहवेना. त्या चवड्यांवर आत गेल्या आणि त्यांच्या नाकाशी बोट धरून आल्या. "आहे," त्या कुजबुजल्या. मी म्हणाले, "आई, काहीतरीच काय!" पण मीही तेच ऐकायला कान लावून बसले होते.

आणि मग आवाज आला. आधी बारीक, शिट्टीसारखा. मग खालून, खोल, खर्जातला, तख्तासकट खोली हलवणारा. बाबा घोरत होते.

हे घोरणं ऐकून लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मी अंकुरला उठवलं होतं, की बाहेर ट्रक उभा आहे का. आईंनी छत्तीस वर्षं त्या घोरण्यावरून त्यांना बोल लावलेत. खुर्चीत बसल्यापासून तो आवाज घरातून गेला होता आणि तो गेलाय हे आमच्या कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आईंनी मटाराची परात बाजूला सारली, पदर तोंडाशी धरला आणि रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "गल्लीभर ऐकू दे. कोणी काही म्हणालं तर माझ्याकडे पाठव."

त्यानंतरचे चार तास आम्ही पहारा दिला. मनूनं ओठ काढल्याबरोबर मी तिला उचलून गल्लीच्या टोकापर्यंत पळाले. अंकुर फाटकाशी उभा राहिला. भाजीवाला ओरडत आला तर हा हात जोडून म्हणतो, "भैया, आज बिना आवाज़ के. पिताजी सोए हैं." भाजीवाल्यानं हातगाडी खरंच गुपचूप ढकलत नेली. जाताना बोटानं विचारलं, झोपले? अंकुरनं मान हलवली तेव्हा त्यानं वर बघून नमस्कार केला. गल्लीला सगळं माहीत असतं.

दिवेलागणीला बाबांनी डोळे उघडले.

"किती वाजले?"

"साडेपाच."

"सकाळचे?"

"संध्याकाळचे, बाबा."

त्यांनी दारातून झोळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "भूक लागून राहिली." दोन वाट्या खिचडी खाल्ली, बिनतुपाची, आणि ताटलीत लागलेली बोटानं निपटली. मी विचारलं, "मग? पास?"

"एक नग पास झाला म्हणून लॉट पास होत नाही."

रात्रीही ते तिथेच झोपले. दोन तुकड्यांत, पण झोपले. मनूला पाजताना मी उशी सरकल्याचा आवाज ऐकायला थांबले. पलीकडून तोच ट्रक चालू होता.

सोमवारी काट्यावर उभं राहण्याआधी बाबांनी चपला काढल्या, खिशातला पेन, चष्म्याचं घर, किल्ली, सगळं काढून माझ्या हातात दिलं. खोटा ग्रॅम त्यांना चालत नाही. काटा थरथरत थांबला. चोपन्न पूर्णांक पाच. चारशे ग्रॅम. मनूच्या वजनाच्या कार्डावर एवढेच चढले होते तेव्हा मी पेढे वाटले होते.

डॉक्टरांनी आकडा पाहिला, बाबांकडे पाहिलं. "सोए आप?"

"सोया," बाबा म्हणाले.

"नली कैंसल," डॉक्टर म्हणाले. "ऐसे ही चला तो अगले महीने ऑपरेशन कर देंगे. कैसे सोए?"

अंकुरनं मोबाइलवरचा फोटो दाखवला. सहा टेकू, विटा, रजई. डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. नर्सदीदी मागून वाकून बघत होत्या. "ये किसने बनाया?"

बाबा ताठ झाले नाहीत. खुर्चीत पुढे वाकूनच, पोटावर हात धरून, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हमारी बहू ने. ड्रॉइंग हमारी थी. गलत थी. इसने पकड़ी."

मी मनूच्या टोपीची नाडी बांधायला लागले. ती आधीच बांधलेली होती.

बुधवारी दुपारी रत्नाकरकाका पुन्हा आले. मी धावत इस्त्रीचा शर्ट काढून आणला. बाबांनी हातानंच नको म्हटलं. बनियनवर शाल, आणि तसेच तख्तावर बसलेले.

"काय शालिग्राम, आता बसून नाही, म्हणे, झोपून राहिला," काका म्हणाले. "सूनबाईनं बायकांसारख्या उशा शिवून दिल्या, अंकुर सांगत होता."

मी शर्टाची घडी पुन्हा घालायला लागले. बाबांनी मात्र काकांना खुर्ची दाखवली.

"बस. तुला समजेल असं सांगतो. तू मशीनवर होता ना?" आणि ते खरंच आडवे झाले. दिवसाउजेडी, रत्नाकरकाकांसमोर, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. "हा बघ, पहिला टेकू. मान. हा पाठीचा, इथं कमान आहे, म्हणून याला मध्ये जाडी जास्त. ही गोष्ट माझ्या ध्यानात नाही आली, तिच्या आली. पोटाचा हा, दाबत नाही, नुसता अडवते. गुडघ्यांत... हा... याची जाडी..."

काका वाकून बघत होते. चहाची कपबशी त्यांच्या हातात तशीच.

"किती जाडी?" त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. शिट्टी आली. मग ट्रक.

काकांनी कपबशी आवाज न करता खाली ठेवली. पाठीच्या लोडाला सुतळीनं एक पुठ्ठ्याचा बिल्ला बांधलेला होता. तो मीही तेव्हाच पाहिला. सकाळी बाबांनी माझ्याकडे सुतळी मागितली होती, कशाला ते सांगितलं नव्हतं. काकांनी चष्मा लावून तो कुजबुजत वाचला.

"रिव्हिजन बी. नग सहा. तपासले. उजव्या कोपऱ्यात शिलाई दोन सूत वाकडी." ते थांबले. "पास."

त्यांनी तो बिल्ला पुन्हा उलटून पाहिला, मागे आणखी काही आहे का.

"दोन सूत," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "अर्ध्या सुतासाठी माझी जॉबची अख्खी पेटी परत पाठवली होती यानं. दिवाळीच्या तोंडावर. आणि तुला दोन सूत?"

आतून मनू उठल्याचा आवाज आला. मी हसत, चवड्यांवर, तिला उचलायला गेले.